संरक्षण क्षमतांचे संपादन आणि एंटरप्राइज आर्किटेक्चर चौकटी : संकल्पना, उपयोग व मर्यादा

सारांश

संरक्षण दलांसाठी होणारी खरेदी ही वस्तूंची खरेदी नसून क्षमतेचे संपादन आहे, हा विचार १९९० नंतरच्या काळात अमेरिका व ब्रिटन या देशांत रूढ झाला. क्षमता ही शस्त्र, मनुष्यबळ, प्रशिक्षण, माहिती, देखभाल इत्यादी घटकांच्या परस्परसंबंधातून निर्माण होते. हे संबंध करारापूर्वी स्पष्ट करण्याचे साधन म्हणून एंटरप्राइज आर्किटेक्चर चौकटींचा उपयोग करण्यात आला. प्रस्तुत लेखात या चौकटींची संकल्पना, त्यांचा विकास, प्रत्यक्ष कार्यपद्धती, ब्रिटनच्या चिनूक हेलिकॉप्टर खरेदीचे उदाहरण, चौकटींच्या मर्यादा आणि भारतीय संदर्भ यांचे विवेचन केले आहे. या चौकटींचे खरे मूल्य आकृत्यांच्या संख्येत नसून, स्वतंत्रपणे खरेदी होणाऱ्या घटकांमधील अवलंबित्व निर्णयापूर्वी उघड करण्यात आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : एंटरप्राइज आर्किटेक्चर, क्षमता-संपादन, डोडॅफ, मोडॅफ, आंतरकार्यक्षमता, संरक्षण खरेदी कार्यपद्धती.

१. प्रस्तावना

विमान, पाणबुडी किंवा रडार विकत घेणे म्हणजे संरक्षण क्षमता प्राप्त करणे नव्हे. विमान उडविण्यासाठी प्रशिक्षित वैमानिक लागतात. ते उडण्यास योग्य आहे असे प्रमाणित करणारी यंत्रणा लागते. त्याला लक्ष्याची माहिती पुरविणारे जाळे, सुटे भाग, दारूगोळा आणि धावपट्टी लागते. यांपैकी एक घटक जरी उपलब्ध नसला तरी कोट्यवधी रुपयांचे विमान हँगरमध्ये उभे राहते. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असली तरी खरेदीची प्रशासकीय व्यवस्था मात्र या घटकांना वेगवेगळ्या धारिकांत, वेगवेगळ्या विभागांत आणि वेगवेगळ्या अंदाजपत्रकीय शीर्षांखाली विभागून ठेवते. प्रत्येक धारिका आपापल्या नियमांनुसार बिनचूक असू शकते, आणि तरीही त्या सर्वांची बेरीज क्षमतेत होत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात विकसित झालेल्या एका विचारपद्धतीचा आधार संरक्षण खात्यांनी घेतला. तिला एंटरप्राइज आर्किटेक्चर असे म्हणतात. एखाद्या संस्थेची उद्दिष्टे, कार्ये, माहिती, यंत्रणा आणि मानके यांचा परस्परसंबंध दर्शविणारी सुसंगत मांडणी असा तिचा ढोबळ अर्थ सांगता येईल. ही मांडणी कोणत्या प्रश्नांच्या अनुरोधाने आणि कोणत्या ठरावीक नमुन्यांत करावी हे सांगणाऱ्या नियमसंचाला प्रस्तुत लेखात 'चौकट' अशी संज्ञा वापरली आहे. 'संपादन' हा शब्दही येथे 'प्राप्त करून घेणे' या अर्थाने योजला आहे.

२. क्षमता ही संकल्पना

क्षमता म्हणजे ठरावीक परिस्थितीत, ठरावीक दर्जाने, अपेक्षित परिणाम घडवून आणण्याची शक्ती होय. या व्याख्येत कोणत्याही साधनाचे नाव येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 'रात्रीच्या वेळी डोंगराळ प्रदेशात सैनिकांची तुकडी उतरविणे' ही क्षमता आहे. 'हेलिकॉप्टर' हे ती साध्य करण्याचे एक साधन आहे.

अमेरिकेच्या संरक्षण व्यवस्थेत क्षमतेचे घटक युद्धविषयक सिद्धांत, संघटना, प्रशिक्षण, सामग्री, नेतृत्व व शिक्षण, मनुष्यबळ आणि सुविधा असे मानले गेले. पुढे त्यात धोरण या घटकाची भर पडली. ब्रिटनमध्ये प्रशिक्षण, साधनसामग्री, मनुष्यबळ, माहिती, सिद्धांत व संकल्पना, संघटना, पायाभूत सुविधा आणि रसदपुरवठा अशा आठ 'विकासरेषा' निश्चित करण्यात आल्या आणि आंतरकार्यक्षमता, म्हणजे भिन्न यंत्रणांनी व दलांनी एकत्र काम करू शकणे, हा या आठही रेषांना व्यापणारा विषय मानण्यात आला. दोन्ही याद्यांत सामग्री हा अनेकांपैकी केवळ एक घटक आहे. खरेदी करार मात्र प्रामुख्याने त्या एकाच घटकाशी संबंधित असतो. उरलेल्या घटकांची जबाबदारी इतरांकडे असते आणि त्या सर्वांना जोडणारा दस्तऐवज परंपरागत पद्धतीत आढळत नाही. चौकटीची आवश्यकता नेमकी येथे निर्माण होते.

३. चौकटींचा विकास

या विषयाची सैद्धांतिक सुरुवात सामान्यतः जॉन झॅकमन यांच्या १९८७ च्या लेखापासून मानली जाते. इमारत बांधताना मालक, वास्तुविशारद आणि कंत्राटदार यांच्यासाठी एकाच इमारतीचे वेगवेगळे नकाशे काढावे लागतात. त्याचप्रमाणे एकाच माहिती प्रणालीची मांडणी वेगवेगळ्या व्यक्तींच्या दृष्टिकोनातून करावी लागते, असे त्यांनी दाखविले. प्रारंभी त्यांनी काय, कसे आणि कोठे या तीन प्रश्नांचा विचार केला. १९९२ मध्ये जॉन सोवा यांच्या सहकार्याने कोण, केव्हा आणि का या प्रश्नांची त्यात भर घालण्यात आली.

संरक्षण क्षेत्रात या विचाराची निकड प्रत्यक्ष युद्धातील अनुभवाने पटली. १९९१ च्या आखाती युद्धात मित्रराष्ट्रांच्या विमानांसाठी रियाध येथील मुख्यालयात दररोज शेकडो पानांचा हवाई कार्यादेश तयार होत असे. अमेरिकी नौदलाच्या विमानवाहू जहाजांवर तो थेट स्वीकारण्याजोगी संदेशवहन यंत्रणा नव्हती. परिणामी त्याच्या प्रती विमानाने जहाजांवर पोहोचवाव्या लागल्या. हवाई दलाची यंत्रणा आणि नौदलाची यंत्रणा आपापल्या जागी चालत होत्या. दोन्ही एकाच युद्धात एकत्र वापरल्या जातील या गृहीतावर मात्र त्या घेतलेल्या नव्हत्या.

यानंतरच्या काळात, १९९६ मध्ये, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 'सी-फोर-आय-एस-आर' आर्किटेक्चर चौकटीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. नियंत्रण, संदेशवहन, संगणक, गुप्तवार्ता व टेहळणी या यंत्रणांपुरती ती मर्यादित होती. त्याच वर्षी संमत झालेल्या क्लिंगर-कोहेन कायद्याने संघराज्यीय खात्यांच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यांवर माहिती तंत्रज्ञानाची सुसंगत रचना विकसित करण्याची जबाबदारी टाकली. १९९७ मध्ये चौकटीची दुसरी आवृत्ती निघाली आणि २००३ मध्ये तिचे रूपांतर संपूर्ण संरक्षण खात्यासाठी असलेल्या 'डोडॅफ' या चौकटीत झाले. तिच्यात तीन प्रमुख दृष्टिकोन होते : कार्य कोण व कसे करतो हे दर्शविणारा कार्यात्मक दृष्टिकोन, त्यासाठी कोणत्या यंत्रणा लागतात हे दर्शविणारा प्रणाली दृष्टिकोन आणि त्या यंत्रणांनी कोणते नियम पाळावेत हे सांगणारा तांत्रिक मानकांचा दृष्टिकोन. यांच्या जोडीला संपूर्ण मांडणीचा हेतू, व्याप्ती व शब्दकोश देणारा सर्वसाधारण भाग होता.

क्षमता-संपादनाच्या दृष्टीने महत्त्वाची भर ब्रिटनने घातली. २००५ मध्ये तेथील संरक्षण मंत्रालयाने 'मोडॅफ' ही चौकट प्रसिद्ध केली. तिने डोडॅफमधील दृष्टिकोन स्वीकारून त्यांत सामरिक दृष्टिकोन आणि संपादन दृष्टिकोन असे दोन नवे दृष्टिकोन जोडले. कोणती क्षमता कोणत्या कालखंडात हवी आणि कोणती क्षमता कोणत्या दुसऱ्या क्षमतेवर अवलंबून आहे, हे पहिल्यात मांडले जाते. ती क्षमता देणारे प्रकल्प कोणते, त्यांचे टप्पे कोणते आणि प्रत्येक टप्प्यावर आठ विकासरेषांपैकी कोणती किती पुढे गेली आहे, हे दुसऱ्यात दाखविले जाते. २००९ मध्ये आलेल्या डोडॅफच्या दुसऱ्या मुख्य आवृत्तीत क्षमता आणि प्रकल्प या दृष्टिकोनांचा समावेश झाला व एकूण दृष्टिकोनांची संख्या आठ झाली. ठरावीक आकृत्या सक्तीने काढण्याऐवजी निर्णयाला उपयुक्त ठरतील तेवढ्याच काढाव्यात, हे तत्त्वही या आवृत्तीने स्वीकारले. पुढे ब्रिटनने मोडॅफऐवजी नाटोच्या चौकटीचा मार्ग पत्करला. या चौकटीची चौथी आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. डोडॅफ व मोडॅफ यांना एकत्र आणणाऱ्या एकीकृत चौकटीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रारंभी 'यंत्रणा एकमेकींशी बोलतात का' एवढाच प्रश्न होता. पुढे 'जे घेत आहोत त्यातून हवी ती क्षमता हव्या त्या वेळी मिळेल का' असे त्याचे व्यापक रूप झाले.

४. चौकटीची कार्यपद्धती : एक उदाहरण

चौकटीचे काम कसे चालते हे समजून घेण्यासाठी सागरी किनाऱ्यावरील देखरेखीचे उदाहरण सोयीचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यातील दहशतवादी समुद्रमार्गे आले होते आणि त्यांनी 'कुबेर' ही भारतीय मासेमारी नौका ताब्यात घेतली होती. यानंतर २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे सोपविण्यात आली, किनाऱ्यावर रडारांची साखळी उभारण्यात आली आणि २०१४ मध्ये गुरुग्राम येथे माहितीचे एकत्रीकरण व विश्लेषण करणारे केंद्र सुरू झाले. या योजना चौकटीनुसार आखल्या होत्या किंवा नव्हत्या हा येथील मुद्दा नाही. वाचकांना परिचित असलेल्या विषयावर चौकटीतील प्रश्न लावून पाहणे एवढाच हेतू आहे.

पहिल्या पायरीवर क्षमता साधनांचे नाव न घेता मांडली जाते : 'किनाऱ्याकडे येणारी संशयास्पद नौका वेळेत ओळखणे आणि तिला अडविणे.' 'वेळेत' म्हणजे किती तास आणि कोणत्या हवामानात, हेही येथेच ठरवावे लागते.

दुसऱ्या पायरीवर कार्यात्मक दृष्टिकोनातून या कामात सहभागी असलेल्यांची नोंद होते. नौदल, तटरक्षक दल, राज्याचे सागरी पोलीस, सीमाशुल्क विभाग, मत्स्यव्यवसाय विभाग, बंदरे आणि स्वतः मच्छीमार अशी ही यादी आहे. ती पाहताच लक्षात येते की, यांतील निम्म्याहून अधिक घटक संरक्षण मंत्रालयाच्या अधिकारकक्षेत येत नाहीत. केवळ सामग्रीच्या यादीवरून ही बाब ध्यानात येत नाही.

तिसरी पायरी माहितीच्या देवाणघेवाणीच्या तक्त्याची आहे. कोणती माहिती, कोणाकडून, कोणाकडे, किती वेळात आणि किती विश्वासार्हतेने गेली पाहिजे, याची एकेक ओळ या तक्त्यात भरली जाते. 'नौकेची ओळख' ही ओळ भरताना एक महत्त्वाची उणीव पुढे येते. नौकेची स्वयंचलित ओळख देणारे उपकरण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या व्यापारी जहाजांवर असते. भारतात २० मीटरपेक्षा लांब नौकांनाही ते लागू करण्यात आले. किनाऱ्यावरील बहुसंख्य लहान मासेमारी होड्या मात्र या मर्यादेखाली येतात. रडारला ठिपका दिसतो, परंतु तो ठिपका कोणाचा हे सांगणारा स्रोत तक्त्यात रिकामा राहतो. आणखी शक्तिशाली रडार घेतल्याने ही जागा भरत नाही. ती भरण्यासाठी लहान होड्यांची नोंदणी, मच्छीमारांची ओळखपत्रे, स्वस्त ओळखसाधने आणि मच्छीमार संस्थांचे सहकार्य यांची गरज असते.

चौथ्या पायरीवर प्रणाली आणि मानके यांचा विचार होतो. एका विभागाचे रडार आणि दुसऱ्या विभागाची नोंदणी यादी एकत्र वाचता यावी यासाठी नौकेचा क्रमांक दोन्हीकडे एकाच पद्धतीने लिहिला गेला पाहिजे. ही बाब वरवर क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात करारानंतर असे बदल करणे अत्यंत खर्चिक ठरते.

पाचवी पायरी कालक्रमाची. रडार केंद्राचा मनोरा, वीजपुरवठा, प्रशिक्षित कर्मचारी, केंद्राशी जोडणी आणि अडविण्यासाठी लागणारी गस्ती नौका हे सर्व घटक कोणत्या महिन्यात सज्ज होतील हे एकाच तक्त्यात मांडले जाते. ज्या दिवशी शेवटचा आवश्यक घटक सज्ज होतो त्याच दिवशी क्षमता प्राप्त होते. रडारच्या उद्घाटनाचा दिवस हा क्षमतेचा दिवस नसतो.

५. चिनूक मार्क-३ : घटक होते, क्षमता नव्हती

क्षमता-संपादनातील अपयशाचे अभ्यासण्यासारखे उदाहरण ब्रिटनमध्ये आढळते. १९९५ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने बोइंग कंपनीकडे आठ चिनूक मार्क-३ हेलिकॉप्टरांची मागणी नोंदविली. विशेष दलांच्या मोहिमांसाठी ती अपेक्षित होती. त्यांची किंमत सुमारे २५ कोटी ९० लाख पौंड होती. २००१ मध्ये हेलिकॉप्टरे मंत्रालयाच्या ताब्यात आली, परंतु ती मोहिमांसाठी वापरता आली नाहीत.

याचे कारण यांत्रिक बिघाड हे नव्हते. या हेलिकॉप्टरांच्या कॉकपिटमध्ये जुनी उपकरणे आणि नवी संगणकीय प्रदर्शने यांचे खास मिश्रण करण्यात आले होते. उड्डाणासंबंधीची माहिती संगणकीय प्रणालीवर अवलंबून असल्याने ती प्रणाली सुरक्षित आहे हे ब्रिटिश नियमांनुसार सिद्ध करणे आवश्यक होते. त्यासाठी प्रणालीची मूळ संहिता आणि तिचे दस्तऐवज तपासावे लागतात. ते उपलब्ध करून देण्याची अट करारात नीटपणे घातलेली नव्हती. करार पूर्ण झाला होता. विक्रेत्याने मान्य केलेली वस्तू दिली होती. तथापि ती सुरक्षित असल्याचे प्रमाणित करण्याचा मार्ग बंद होता. परिणामी या हेलिकॉप्टरांचे उड्डाण ५०० फुटांपेक्षा अधिक उंचीवर आणि वैमानिकाला जमिनीवरील खुणा पाहून मार्ग काढता येईल अशा स्वच्छ हवामानापुरते मर्यादित ठेवावे लागले. विशेष दलांच्या कामासाठी अशा उड्डाणाचा उपयोग नव्हता.

ही हेलिकॉप्टरे वर्षानुवर्षे हँगरमध्ये उभी राहिली. दरम्यान २००६ पासून अफगाणिस्तानातील हेलमंड प्रांतात ब्रिटिश सैन्य लढत होते आणि तेथे हेलिकॉप्टरांचा तुटवडा हा ब्रिटनमध्ये सार्वजनिक वादाचा विषय झाला होता. रस्त्यावरील सुरुंगांचा धोका टाळण्यासाठी हवाई वाहतूक हवी असताना आठ मोठी हेलिकॉप्टरे मायदेशी निरुपयोगी पडून होती. अखेर २००७ मध्ये अत्याधुनिक कॉकपिटचा आग्रह सोडून ती जुन्या, प्रमाणित रचनेकडे परत नेण्याचा निर्णय झाला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ च्या अहवालात या प्रकल्पाचा एकूण खर्च ४२ कोटी २० लाख पौंडांहून अधिक होईल असा अंदाज दिला. परिवर्तित हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण २००९ मध्ये झाले.

१९९५ मध्ये मोडॅफ अस्तित्वात नव्हते. त्यामुळे चौकट असती तर ही चूक टळलीच असती असे विधान करणे अशास्त्रीय ठरेल. तथापि चौकटीतील कोणत्या जागी ही उणीव दिसली असती हे सांगता येते. कार्यात्मक दृष्टिकोनात उड्डाणयोग्यता प्रमाणित करणारी यंत्रणा एक स्वतंत्र सहभागी म्हणून नोंदवावी लागली असती. माहितीच्या देवाणघेवाणीच्या तक्त्यात तिला विक्रेत्याकडून संहिता व दस्तऐवज मिळणे ही एक ओळ आली असती. मानकांच्या भागात सॉफ्टवेअर सुरक्षिततेचे ब्रिटिश मानक लिहावे लागले असते. संपादन दृष्टिकोनात 'साधनसामग्री' ही विकासरेषा पूर्ण दाखविण्यापूर्वी प्रमाणपत्राचा टप्पा पुढे आला असता. एकच प्रश्न चार ठिकाणी चार वेगवेगळ्या अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला असता. चौकट ही शहाणपणाला पर्याय नाही. परंतु एखादा प्रश्न विसरला जाण्याची शक्यता ती निश्चितपणे कमी करते.

६. चौकटींच्या मर्यादा

चौकट स्वीकारली म्हणजे संपादन यशस्वी झाले असे अनुभव सांगत नाही. तीन मर्यादा विशेषत्वाने नमूद करणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा निर्णयापासून तुटलेपणाची. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या प्रशासकीय यंत्रणांसाठी, म्हणजे वेतन, लेखा, खरेदी इत्यादींसाठी, स्वतंत्र एंटरप्राइज आर्किटेक्चर तयार केले. तेथील शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०१३ मध्ये दाखवून दिले की, दहा वर्षांहून अधिक काळ आणि किमान ३७ कोटी ९० लाख डॉलर खर्च होऊनही गुंतवणुकीचे निर्णय मार्गी लावण्यासाठी त्याचा उपयोग मर्यादितच राहिला. हे उदाहरण शस्त्रास्त्रांचे नसले तरी त्यातील धडा समान आहे. ज्या आकृतीमुळे एकही करार थांबत नाही, बदलत नाही किंवा पुढे जात नाही, ती आकृती केवळ धारिकेची जाडी वाढविते.

दुसरी मर्यादा तंत्रज्ञानाच्या अपरिपक्वतेची. अमेरिकी सैन्याने २००३ मध्ये 'फ्युचर कॉम्बॅट सिस्टिम्स' हा कार्यक्रम विकासाच्या टप्प्यात नेला. नवी लढाऊ वाहने, मानवरहित यंत्रे आणि त्यांना जोडणारे जाळे एकाच वेळी विकसित करण्याची ही कल्पना होती. सर्व घटक एकमेकांशी जोडलेले असावेत हा विचार या कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी होता. तरीही २००९ मध्ये तो रद्द करावा लागला. ज्या तंत्रज्ञानावर जोडणी अवलंबून होती तेच पुरेसे सिद्ध झालेले नव्हते. नकाशा अचूक असला तरी वीट कच्ची असेल तर भिंत उभी राहत नाही.

तिसरी मर्यादा काळाची. अमेरिकेत २००३ मध्ये सुरू झालेल्या संयुक्त क्षमता निर्धारण कार्यपद्धतीत आर्किटेक्चरविषयक दस्तऐवज मागितले जात. या कार्यपद्धतीवरील मुख्य आक्षेप दीर्घ कालावधी आणि कागदपत्रांचा भार यांविषयी होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय तेथील संरक्षण नेतृत्वाने जाहीर केला. ड्रोनसारखी साधने काही महिन्यांत बदलत असताना गरज मान्य होण्यासच वर्षे लागणे परवडत नाही. म्हणून चौकटीचा वापर प्रमाणबद्ध असणे अगत्याचे आहे. पाणबुडीसारख्या अनेक दशके सेवेत राहणाऱ्या प्रकल्पासाठी सविस्तर मांडणी योग्य ठरते. लहान, स्वस्त व लवकर बदलणाऱ्या साधनासाठी माहितीचा तक्ता आणि मानकांची यादी एवढे पुरेसे ठरू शकते.

७. भारतीय संदर्भ

कारगिल युद्धानंतरच्या सुधारणांत २००१ मध्ये संरक्षण खरेदी परिषद स्थापन झाली आणि २००२ मध्ये पहिली संरक्षण खरेदी कार्यपद्धती आली. तिच्या अनेक सुधारित आवृत्त्यांनंतर २०२० मध्ये 'संरक्षण संपादन कार्यपद्धती' लागू करण्यात आली. नावातील 'खरेदी' ते 'संपादन' हा बदल सूचक आहे. याच कार्यपद्धतीत पूर्वीच्या पंधरा वर्षांच्या दीर्घकालीन योजनेच्या जागी दहा वर्षांची एकात्मिक क्षमता विकास योजना आली. जानेवारी २०२० पासून संरक्षण दल प्रमुख हे पदही अस्तित्वात आले. तिन्ही दलांच्या गरजांचा एकत्र विचार करणारी संस्थात्मक जागा यामुळे निर्माण झाली आहे.

अशा जागेची आवश्यकता का आहे, हे मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या स्कॉर्पिन पाणबुड्यांच्या उदाहरणावरून समजते. ऑक्टोबर २००५ मध्ये फ्रान्सच्या सहकार्याने सहा पाणबुड्या बांधण्याचा करार झाला. पाणबुडीचे मुख्य अस्त्र असलेल्या आधुनिक पाणतीरांची खरेदी हा मात्र स्वतंत्र व्यवहार होता. त्यासाठी निवडलेल्या ९८ 'ब्लॅक शार्क' पाणतीरांचा पुरवठादार ज्या इटालियन उद्योगसमूहातील होता, तो समूह हेलिकॉप्टर खरेदीतील गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे वादात सापडला आणि २०१६ मध्ये हा व्यवहार सोडून देण्यात आला. डिसेंबर २०१७ मध्ये 'कलवरी' ही पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली ती या नव्या पाणतीरांविना. क्षेपणास्त्रे आणि जुन्या पिढीचे पाणतीर यांवर तिला भिस्त ठेवावी लागली. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या जड पाणतीरांची या पाणबुड्यांवर जोडणी करण्याचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये सहावी पाणबुडी 'वाघशीर' नौदलात सामील झाली. म्हणजेच मालिकेतील शेवटची नौका तयार होत असताना अस्त्राच्या जोडणीचा प्रश्न मार्गी लागत होता.

भ्रष्टाचाराच्या आरोपांवर कठोर भूमिका घेणे हा धोरणाचा विषय आहे. कोणतीही चौकट तो निर्णय घेऊ शकत नाही. परंतु त्या निर्णयामुळे कोणत्या नौकेची कोणती क्षमता किती वर्षे अपुरी राहील आणि पर्यायी अस्त्राचे काम कोणत्या वर्षी सुरू केले पाहिजे, हे निर्णय घेणाऱ्यांसमोर एका पानावर मांडणे तिला शक्य आहे. पाणबुडी आणि पाणतीर या दोन धारिका असल्या तरी क्षमता एकच असते.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) संरक्षण संपादनातील मोठे अपयश अनेकदा एखाद्या घटकाच्या दोषातून नव्हे, तर दोन घटकांमधील अलिखित अवलंबित्वातून उद्भवते.

२) एंटरप्राइज आर्किटेक्चर चौकटी हे अवलंबित्व करारापूर्वी लिहून काढण्यास भाग पाडतात. क्षमता व संपादन हे दृष्टिकोन चौकटीत आल्यानंतरच त्यांचा खरेदीशी थेट संबंध जुळला.

३) चौकटीतील रिकामी जागा ही भरलेल्या जागेइतकीच महत्त्वाची असते. किनारी देखरेखीतील लहान होडीची ओळख किंवा चिनूकची संगणक संहिता ही त्याची उदाहरणे होत.

४) मांडणीला निर्णयाधिकाराची जोड नसेल, तर तिच्यावरील खर्च निष्फळ ठरतो.

५) मांडणीची सविस्तरता साधनाच्या आयुर्मानाच्या व गुंतागुंतीच्या प्रमाणात असावी.

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत संरक्षण व सामरिकशास्त्र हा विषय शिकविला जातो. वाणिज्य, व्यवस्थापन, लोकप्रशासन आणि संगणकशास्त्र हे विभाग तर बहुतेक ठिकाणी असतात. प्रस्तुत विषय या सर्वांच्या सीमारेषेवर उभा आहे. प्रकाशित लेखापरीक्षण अहवालांतील एखादे प्रकरण घेऊन त्यावर माहितीच्या देवाणघेवाणीचा तक्ता विद्यार्थ्यांकडून भरून घेणे, हा या विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगा अभ्यास आहे. त्यासाठी गोपनीय माहितीची आवश्यकता नाही. सार्वजनिक पैसा कोठे अडकतो आणि सैनिकाच्या हाती वेळेवर काय पोहोचत नाही, हे त्या तक्त्यातील रिकाम्या चौकोनांतून विद्यार्थ्यांना समजू शकते.